नळी कोणी काढायची?

माझे वडील, अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या थोरल्या भावाची सेवा केली. आप्पाकाका अर्धांगाच्या झटक्यानंतर कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. नाकातून अन्नाची नळी, लघवीची पिशवी, पाठीला झालेल्या जखमा. अण्णा रोज जाऊन त्यांची दाढी करायचे, काकूंना त्यांची कूस बदलायला मदत करायचे. घरी परत आले की म्हणायचे, "माझ्यावर अशी वेळ आली तर मला नळ्यांवर ठेवायचं नाही. सांगून ठेवतोय." आई लगेच म्हणायची, "भरल्या घरात असलं काही बोलू नका हो." विषय तिथंच थांबायचा. अण्णांनी हे आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, शेजारच्या काकांनाही सांगितलं होतं. पण कागदावर लिहिलं नव्हतं. लिहून ठेवता येतं, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

२०२४च्या पावसाळ्यात अण्णांच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. श्वास पुरेसा चालत नाही, नळी टाकून व्हेंटिलेटर लावावा लागेल, असं सांगितल्यावर दादानं सही केली. त्या रात्री आशा होती आणि डॉक्टरही मनापासून झटत होते.

पुढे मात्र काहीच हललं नाही. सकाळी भेटायला सोडत तेव्हा आम्ही हाका मारायचो, तळव्याला गुदगुल्या करून पाहायचो. बाहेर आलो की उत्तर एकच, "रिस्पॉन्स नाही." मग एके दिवशी डॉक्टरांनी आत बोलावून सांगितलं की तोंडातली नळी आता फार काळ ठेवता येणार नाही, गळ्याला छिद्र पाडून दुसरी बसवावी लागेल. ताईनं विचारलं, "डॉक्टर, ते शुद्धीवर येतील का?" ते प्रामाणिक होते. म्हणाले, "तशी आशा मी तुम्हाला देऊ शकत नाही."

आम्ही भावंडं एकमेकांकडे पाहत राहिलो. मग ताईनंच अण्णांचं म्हणणं सांगितलं आणि व्हेंटिलेटर काढण्याची विनंती केली. डॉक्टरांचा चेहरा बदलला. "तसं आम्हाला करता येत नाही. आमच्यावर खुनाचा गुन्हा होईल. तुम्हाला थांबायचंच असेल तर डामा घ्या."

ज्यांनी आयसीयूबाहेर दिवस काढलेत, त्यांना डामा माहीत असतो. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेत आहोत, पुढच्या सगळ्याची जबाबदारी आमची, असं लिहून द्यायचं. मग ॲम्ब्युलन्समध्ये कोणीतरी हातानं फुगा दाबत श्वास देत रुग्णाला घरापर्यंत आणतो आणि दारात आल्यावर तो फुगा थांबतो. आईला हे समजावून सांगताना दादाचा आवाज फुटेना. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हॉस्पिटलातल्या माणसांना जमत नाही, ती नळी मी घरी नेऊन काढायची?"

आम्ही डामा घेतला नाही, आणि गळ्याच्या छिद्राच्या संमतीवरही सही केली नाही. तिथून भांडण पेटलं. दादा म्हणाला, बिल वाढवायला माणूस ठेवून घेतलाय. ऑफिसमधले म्हणाले, उपचाराला नकार देत असाल तर लेखी द्या. आवाज चढले, सिक्युरिटीवाले येऊन उभे राहिले. ज्या माणसांच्या हातात अण्णांचा श्वास होता त्यांच्याशीच आम्ही तावातावानं भांडत होतो, आणि आत अण्णांची छाती यंत्राच्या ठरलेल्या लयीत वरखाली होत होती.

त्याच व्हरांड्यात दुसरं एक कुटुंब बसलेलं असायचं. मोटारसायकलच्या अपघातातला तरुण मुलगा. त्यांचं भांडण आमच्या अगदी उलट होतं. डॉक्टरांनी ठरलेल्या तपासण्या कमीतकमी सहा तासांच्या अंतरानं दोनदा करून मेंदूमृत्यू झाल्याचं सांगितलं होतं, आणि त्याची आई म्हणत होती, "अंग गरम आहे, छाती हलतेय, मग पोरगं गेलं कसं?" नातेवाइकांना वाटत होतं की कोणाला तरी बेड हवाय, कोणाला तरी अवयव हवेत. आम्हाला वाटत होतं, हे सोडत नाहीत. त्यांना वाटत होतं, हे ढकलताहेत. पण शेजारी बसून एवढं कळलं की दोन्ही घरांना एकच गोष्ट मिळाली नव्हती. निवांत बसून, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगणारं माणूस.

वाट दाखवली ती माझ्या मैत्रिणीच्या ओळखीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी. असाध्य आजारातल्या रुग्णांच्या वेदना कमी करणं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, हे त्यांचं काम. फोनवर त्यांनी पहिलंच वाक्य असं उच्चारलं, "तुम्ही मागताय ते बेकायदा नाही." मी रडायलाच लागले.

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. उपचार थांबवण्याबद्दलचा कायदा ज्या निकालापासून सुरू झाला, तो मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबद्दलचा. २७ नोव्हेंबर १९७३ला त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या आणि पुढची जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचं जबरदस्तीचं अन्न थांबवावं म्हणून याचिका केली, तेव्हा हॉस्पिटलनं ठाम विरोध केला. सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ला परिचारिकांची बाजू मान्य केली, पण त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं जीवरक्षक उपचार थांबवता येतील, असंही म्हटलं. अरुणाताई १८ मे २०१५ला न्यूमोनियानं गेल्या. ९ मार्च २०१८ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. इंजेक्शन देऊन जीव घेणं आजही गुन्हाच आहे. पण ज्यातून बरं होण्याची आशा नाही, असा उपचार थांबवणं किंवा सुरूच न करणं नियमांनुसार करता येतं. ते नियम इतके अवघड होते की पाळता येईनात, म्हणून २४ जानेवारी २०२३ला ते सोपे केले.

आता हॉस्पिटलनं तीन डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ नेमायचं. उपचार करणारे डॉक्टर, आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. त्यांचं मत शक्यतो ४८ तासांत यावं. मग पहिल्या मंडळात नसलेल्या तिघांचं दुसरं मंडळ, त्यातला एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला. कुटुंबाची लेखी संमती. दोन्ही मंडळांचं एकमत झालं की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं आणि मग उपचार थांबवायचे. रुग्णानं आधी लिहून ठेवलं नसेल तरी हाच मार्ग खुला असतो. मतभेद झाले तर उच्च न्यायालय आहे.

आम्ही अर्ज लिहिला. अण्णा काय म्हणायचे, कोणासमोर म्हणायचे, ते लिहिलं. आईनं सही केली, आम्ही भावंडांनी केली, शेजारच्या काकांनी स्वतःहून वेगळं पत्र दिलं. अर्ज घेऊन गेलो तेव्हा हॉस्पिटलात कोणीही भांडलं नाही. आयसीयूतले तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आज तुम्ही सगळे एका विचाराचे आहात. उद्या एखादा पुतण्या पोलिसात गेला तर कागदावर सही फक्त माझी असती." त्यांच्या भीतीची मला तोवर कल्पना नव्हती. काचा फुटलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, मार खाल्लेले सहकारी पाहिले होते. आता तो निर्णय एकट्या त्यांचा राहिला नव्हता, आणि एकट्या आईचाही नव्हता.

प्राथमिक मंडळ बसलं. त्या हॉस्पिटलातलं ते पहिलंच. तिघांनी अण्णांना स्वतंत्रपणे तपासलं, आम्हाला बसवून सगळे प्रश्न विचारू दिले आणि लेखी मत दिलं की उपचार थांबवणं योग्य. गळ्याला छिद्र पाडायचं नाही आणि हृदय बंद पडलं तर छाती दाबायची नाही, हेही आमच्याशी बोलून केस पेपरवर नोंदवलं. दुसऱ्या मंडळासाठी डॉक्टर नेमून मिळावा म्हणून पत्र गेलं. ते पत्र टेबलांवरून फिरत असतानाच अण्णांचा रक्तदाब उतरू लागला. दुसरं मंडळ बसलंच नाही.

शेवटच्या रात्री सिस्टरनी आईला आत बसू दिलं. वेदना होऊ नये, दम लागू नये म्हणून औषध सुरू होतं. आई अण्णांच्या पायांना खोबरेल तेल लावत होती. पहाटे ते गेले. त्याआधीच्या दिवसांत, भेटीची वेळ सोडली तर, ती त्यांना खिडकीच्या काचेतूनच पाहत होती. भांडण मिटलं म्हणून तिला ती रात्र मिळाली.

वर्षश्राद्धानंतर आईनंच विषय काढला, "माझं लिहून घ्या." नोटरीसमोर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी तिनं लिव्हिंग विल केलं. बरा होणारा आजार असेल तर सगळे उपचार करा, यंत्रसुद्धा लावा. परत येण्याची आशा नसेल तर थांबा, पण वेदनेचं औषध शेवटपर्यंत द्या. तिच्या वतीनं बोलायला ताईचं आणि माझं, अशी दोन नावं घातली. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक नगरपालिकेत. अशी प्रत सांभाळणारा अधिकारी प्रत्येक स्थानिक संस्थेनं नेमायचा असतो. महाराष्ट्रात त्या नेमणुका व्हाव्यात म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं होतं.

प्रत्येक हॉस्पिटलनं, रुग्ण दाखल होतानाच, हा मार्ग आहे हे नातेवाइकांना सांगितलं पाहिजे. दोन्ही मंडळांसाठी डॉक्टरांची यादी आधीपासून तयार असली पाहिजे, कारण मरणाच्या दारातला माणूस टपालासाठी थांबत नाही. आणि थकलेल्या कुटुंबापुढे डाम्याचा कागद सरकवणं बंद झालं पाहिजे. त्या कागदानं डॉक्टर सुटतात, पण ज्याला आयुष्यभर सांभाळलं त्याचा श्वास थांबवल्याचं ओझं घरातल्या एखाद्या बाईच्या हातावर कायमचं राहतं. ते कोणाच्याही आईच्या वाट्याला येऊ नये.