पार्सलसोबतची पत्रं

निघोज, 30 मे

ती. बाबांस, सा. न.

घोडनदी ओलांडून नगर जिल्ह्यात शिरलो आणि रस्त्याकडेला कांद्याच्या ट्रकांचा वजनकाटा दिसला. मी सुहासला गाडी काट्यावर घ्यायला लावली. काटेवाल्याने विचारलं, "माल काय?" म्हटलं, "आम्हीच." पावती आली 410 किलोची. बुलेट 190, आम्ही दोघं मिळून 135, उरलेलं सामान. पंच्याऐंशी किलो! आठ दिवसांच्या रंगीत तालमीला एवढं, तर दीड वर्षाच्या परदेशवारीला किती? एकूण गाडी डुलत का होती ते कळलं. तुम्ही निघताना मागचा टायर दाबून नुसतं "हं" म्हणालात, त्याचा अर्थही.

इथले रांजणखळगे पाहिले. कुकडीचं पाणी आटलंय, त्यामुळे खडक उघडा आहे. काळ्या पाषाणात कुंभाराने चाकावर काढावेत तसे गोल रांजण. पुराचं पाणी खळग्यात गरगरतं, त्याच्याबरोबर गोटे फिरतात आणि तेच खडक कोरत जातात. एका रांजणाच्या तळाशी हात घातला तर गोटा हाताला लागला, लिंबाएवढा, साबणासारखा गुळगुळीत. सुहासला तो आठवण म्हणून न्यायचा होता. मी काट्याची पावती दाखवली.

सोबत कुकर, कॅमेऱ्याचा स्टँड आणि सुहासच्या दोन जीन्स पाठवतेय. पार्सल शिरूरच्या स्टँडवरून येईल.

तुमची मनू

नगर, 1 जून

ती. बाबांस, सा. न.

तारीख बघूनच तुम्ही ओळखलं असेल. 1948 साली आजच्याच दिवशी एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला आली. लहानपणी हे तुमच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की त्या गाडीत मीही होते असं वाटतं. म्हणून मुद्दाम माळीवाड्याच्या स्टँडवर चहा घेतला. चहा गोडमिट्ट. पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी "नगर, नगर, नगर".

ऊन असं की हेल्मेटमध्ये डोकं शिजतं. किल्ला बघायचा म्हणून गेलो आणि खंदकाच्या कडेने सावली शोधत फिरलो. नेहरूंनी इथे 1942 ते 45 ही वर्षं कैदेत काढली आणि ग्रंथ लिहिला. मला मात्र त्या उन्हाळ्यांचंच आश्चर्य वाटत राहिलं. रणगाड्यांच्या संग्रहालयात सुहास दोन तास रमला. मी एका रणगाड्याच्या सावलीत बसून कागदांचा हिशेब मांडला.

तो तुम्हालाही सांगते, कारण तुम्ही फोनवर विचारत नाही आणि आईला विचारायला लावता. परदेशात गाडी चालवायचा परवाना आरटीओतून मिळतो, तो वर्षभराचा. गाडीला लागतं ते कार्ने, म्हणजे ही गाडी तुमच्या देशात विकणार नाही, परत नेऊ, अशी हमी. ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून काढायचं. त्यासाठी मोठी रक्कम अडकून पडते. नेपाळला ते लागत नाही, तिथे सीमेवर दिवसांच्या हिशेबाने भन्सार, म्हणजे जकात, भरला की झालं. म्हणून आधी नेपाळ. पुढे तिबेटातून जायचं तर चिनी गाईड जवळ बाळगावा लागतो, त्याचा खर्च ऐकून सुहास गप्प झाला. अटारीचा रस्ता बंद. तेव्हा मुंबईहून गाडी जहाजाने आखातात पाठवणं, हा दुसरा मार्ग.

पैशांवरून भांडलो नाही. भांडलो तुमच्या पान्यांच्या डब्यावरून. तो म्हणतो, चार किलोचं लोखंड कशाला, गावोगाव मेकॅनिक असतात. मी म्हटलं, गावोगाव इस्त्रीवालेही असतात, तुझे चार शर्ट पाठवू? मग शर्टच पाठवतेय. आणि माझी पुस्तकं, न्याय म्हणून.

मनू

राजूर, 4 जून

ती. बाबांस, सा. न.

कोल्हारला प्रवरा लागली. मग लोणी, संगमनेर, अकोले करत तिच्या उगमाकडे चढत आलो. खाली ऊस, वर भातखाचरं. विल्सन धरण 1926 चं, भिंतीकडे बघून इतकं जुनं वाटत नाही. जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराच्या देवळात पाय टेकले तेव्हा दगडाचा गारवा अंगभर चढला.

त्या वळशावर गाडी मी चालवली. सुहास मागे. पाच दिवस तो सांगत होता, "मागे काय, नुसतं बसायचं असतं." तिसऱ्या खड्ड्याला "हळू", सातव्याला "अगं!", आणि मग कंबर धरून उतरला. आता ठरलंय, रोज निम्मं निम्मं. मला वाटतं या तालमीत झालेला हा एकच पक्का निर्णय. तारीख अजून ठरत नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, त्याआधी निघायचं नाही, असं मी म्हणते. तो हो म्हणतो आणि नकाशा उघडतो.

संध्याकाळी घाटघरच्या वाटेवर क्लचची केबल तुटली. तुम्ही जुन्या केबलला लागून दुसरी आधीच ओढून ठेवायला लावली होती, आठवतं? मी तेव्हा हसले होते. टॉर्च सुहासने धरला, डबा मी उघडला. लिव्हरच्या खाचेत केबलचा मणी बसेना, बोटं काळी झाली, वीस मिनिटं गेली. टॉर्च विझवून घाम पुसला तेव्हा दिसलं, समोरचं झाड अख्खं लुकलुकत होतं. काजवे. एकाच वेळी पेटायचे, एकाच वेळी विझायचे. पाठीमागून एक बाबा शेळ्या घेऊन आले, म्हणाले, "पाऊस आठवड्यात येतोय, निघा." काजव्यांकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

पार्सलमध्ये या वेळी सामान नाही. राजूरचे पेढे आहेत, दोन किलो. एक किलो सासूबाईंकडे पोचते करा. पान्यांचा डबा शोधू नका, तो सुहासने स्वतःच्या पेटीत तळाला घातलाय.

मनू