लोणारचे दोन गुण

लोणारचा काठ गाठेपर्यंत माणसाला कशाची कल्पना येत नाही. जालन्याहून मंठ्यामार्गे जाताना दुतर्फा काळी राने, कापूस, तूर, मधूनच एखादा निंब. शेवटी जरासा चढ लागतो आणि एकाएकी पुढची जमीनच संपते! खाली दाट झाडीचे कडे आणि त्याच्या आत हिरवट पाण्याचे गोल तळे. आमच्या सौ. नुसत्या "अगंबाई!" म्हणाल्या आणि दोन पावले मागे सरल्या.

मी मात्र घसा साफ केला. भूगोल शिकवण्यात बत्तीस वर्षे घालवलेला माणूस अशा जागी गप्प कसा बसणार? पण मी तोंड उघडण्याआधीच सातवीतल्या नातवाने विचारले, "आजोबा, उल्का कुठल्या बाजूने आली असेल हो?"

वाचकहो, मी तोंड मिटले. कारण १९७५ साली मी नोकरीला लागलो, तेव्हापासून कित्येक वर्षे वर्गात एकच सांगत आलो होतो : लोणार म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचे मुख.

हे अनुमान अगदीच वेडगळ होते असे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडला आणि त्याच्या थरांवर थर बसून आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. अशा मुलखात गोल खड्डा दिसला की मनात ज्वालामुखीच येणार. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ साली या विवराची नोंद केली, त्यानंतर मोठमोठ्या भूशास्त्रज्ञांनाही तसेच वाटत होते.

"पण उल्काच कशावरून?" मी नातवाला विचारले. परीक्षकाची सवय जात नाही!

त्याने काठाकडे बोट दाखवले. खंडाळ्याच्या घाटात गाडीच्या खिडकीतून काळ्या दगडाचे थर आपण पाहतो ते आडवे, चळत रचल्यासारखे. इथे काठावरचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. सारा काठच भोवतालच्या रानापेक्षा सुमारे वीस मीटर उचललेला. चिखलात धोंडा आदळला की कडा जशा वर उठतात, तसेच हे.

मी हा काठ पूर्वी दोनदा पाहिला होता. थर कललेले आहेत हे माझ्या डोळ्यांना दिसले असेलच; मला मात्र दिसले नव्हते.

उरलेला पुरावा साध्या नजरेला दिसत नाही. तळ्याच्या बुडाशी छिद्रे पाडून पाहिले तेव्हा खाली चुरडलेला खडक सापडला. त्यात मॅस्केलिनाइट नावाची काच होती. खडकातले स्फटिक न वितळता केवळ धक्क्याच्या प्रचंड दाबाने काचेसारखे होतात, तेव्हा ती बनते. ज्वालामुखीला तेवढा दाब साधत नाही. हे संशोधन १९७३ साली प्रसिद्ध झाले; माझ्या नोकरीच्या दोन वर्षे आधी! विवराच्या वयाबद्दल मात्र मतभेद आहेत. आधी ते पन्नास हजार वर्षांच्या आसपासचे मानत. पुढे आरगॉन वायूच्या मोजमापाने पावणेसहा लाखांच्या जवळपासचा आकडा आला.

मग आम्ही खाली उतरलो. विवराची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सव्वाशे मीटरांहून अधिक, तेव्हा गुडघ्यांनी आपले मत कळवलेच. काठावरच्या धारेचे पाणी गोड, पण तळ्याचे खारे. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. उन्हाने वाफ होते आणि क्षार मागे उरतात. दूध आटवले की साखर जास्त लागते, तसे. नातू हे सांगत होता तोच सौ.नी देवीसाठी आणलेली हळदीची पुडी उघडली आणि तळ्यात बुडवलेले बोट हळदीला लावले. हळद लालभडक! "अहो, हा तर साबणाचा डाग," त्या म्हणाल्या. तळ्यातल्या क्षारात सोडा आहे, हे एका चिमटीत दिसून आले. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले होते, तेही खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासून सांगितले.

परत चढताना एका दगडावर टेकलो आणि नातवाला खरी गोष्ट सांगितली. १९८३ च्या सहामाहीत एका मुलाने उत्तरपत्रिकेत लिहिले होते, "लोणारचे सरोवर उल्का पडून झाले." मी त्यावर लाल रेघ मारली आणि दोन गुण कापले. त्याने मधल्या सुट्टीत येऊन सांगितले, "सर, मी वाचलंय." मी म्हणालो, "पुस्तकात आहे ते लिही."

"मग तुम्ही त्याला नंतर सांगितलं का?" नातवाने विचारले.

नाही सांगितले. त्याचा पत्ताही आता माझ्याजवळ नाही. तो आज साठीच्या जवळ आला असेल आणि दिवाळी अंक वाचत असेल, तर त्याच्यासाठी लिहितो : बाळ, प्रश्न चौथा, उत्तर बरोबर. दोन पैकी दोन.