डाव्या हाताचं काम

गवत मुद्दाम लावतात, पाणी घालून वाढवतात आणि कापून फेकून देतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. औंढा तालुक्यातल्या आमच्या गावात गवत आपलं आपण यायचं. मृगाचा पाऊस पडला की आठ दिवसांत धुरे हिरवे व्हायचे, नाल्याचा काठ भरून जायचा, आणि पोळ्यापर्यंत त्यातलं कमरेएवढं झालेलं असायचं. ते कुणाला जास्त झालं, नकोसं झालं, असं मात्र कधी ऐकलं नाही. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला गवत पुरत नसतं.

माय रोज दुपार कलली की इळा घेऊन निघायची. इळा म्हणजे विळा. आमच्याकडे तसंच म्हणतात. तो गावच्या लोहारानं घडवलेला असे, पाजवायचा तोच, आणि त्याचं बलुतं सुगीत खळ्यावरून जाई. मी सोबत गेलो की माझं लक्ष पात्याकडे असायचं. माय म्हणायची, "इळ्याकडं काय बघतो, डाव्या हाताकडं बघ." उजवा हात नुसता ओढायचा. खरं काम डाव्याचं. मूठ बुडाशी कुठं धरायची, अंगठा पात्याच्या वाटेतून कसा वळवायचा, काटा लागला तर सोडायचा कसा, मुठीत गाजरगवताची काडी आली तर ती बाजूला कशी टाकायची, सगळं डाव्या हाताला ठाऊक. मुठी साठल्या की त्याच गवताचा पीळ देऊन पेंढी, पेंढ्यांचा भारा, भारा डोक्यावर. कापणं आणि गोळा करणं ही दोन कामं आहेत, असं तेव्हा वाटतच नव्हतं.

1972च्या दुष्काळात इळा खुंटीला राहिला आणि खुरपं बाहेर आलं. कापायला काही उरलंच नव्हतं. धुऱ्यावरची हराळी मुळासकट खरवडून, धुऊन जनावरांपुढे टाकली. एरवी शेतकरी हराळीला शिव्या देतो, कारण ती नांगरटीतूनही पुन्हा फुटते. त्या वर्षी तिच्या चिवटपणानंच दोन बैल वाचले. याच हराळीच्या कोवळ्या शेंड्यांना आपण दूर्वा म्हणतो, आणि हीच बर्म्युडा ग्रास या नावानं जगभरच्या क्रिकेटच्या मैदानांवर आणि बंगल्यांपुढे लावली जाते.

हिंगोलीत राहायला आल्यावर गवताचा आणखी एक इतिहास समजला. इथल्या वस्त्यांची नावं पलटण, तोफखाना, रिसाला, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी आहेत. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी इथं होती, तिची ही खूण. रिसाला म्हणजे घोडदळ, आणि घोडदळ म्हणजे रोजचं गवत. त्या काळच्या हिंदुस्थानी रिसाल्यांत घोड्यांसाठी गवत कापून आणणारी माणसंच वेगळी असत, त्यांना घसियारे म्हणत. फौजेच्या मागून चालणाऱ्या या लोकांची नावं कुठल्या शिलालेखात नाहीत, पण ते नसते तर घोडा दुसऱ्या दिवशी उभा राहिला नसता.

हिंगोलीत ही छावणी होती त्याच काळात, 1830 साली, इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगनं गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरणारं फिरत्या पात्यांचं यंत्र त्यानं गिरणीत पाहिलं होतं. कापडाची लव कातरता येते तर जमिनीची का नाही, एवढाच त्याचा विचार. शेजारी हसतील म्हणून तो यंत्राची चाचणी रात्री घ्यायचा, असं सांगतात. त्याच्या यंत्रासमोर घोडा उपाशी उभा नव्हता. प्रश्न होता जमीन सारखी, मऊ, देखणी दिसण्याचा. कापलेलं गवत कुणाच्या पोटात जाणार, हा प्रश्न तिथंच मागे पडला.

बडिंगच्या यंत्राचं वंशज मी एका सरकारी कचेरीच्या आवारात पाहिलं. 1 मे 1999ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर नवी कार्यालयं आली, कार्यालयांपुढे हिरवळी आल्या. आमचा माळी दोन चाकांचं, लांब दांड्याचं यंत्र लोटत न्यायचा. खर्रर्र आवाज, मागे बारीक गवताचा फवारा. साहेब खूश. दुपारी मागच्या फाटकातून एक मावशी यायच्या, जुनं लुगडं अंथरायच्या आणि सगळं गवत हातानं ओढून त्यात भरायच्या. शेळ्यांसाठी. माळ्याचं काम तासाभरात व्हायचं, मावशींचं दुपारभर चालायचं. कचेरीच्या हिशेबात मात्र हिरवळ यंत्रानं कापली जात होती.

पुढे धाकट्या भावानं शेतात पेट्रोलचा ब्रशकटर आणला. आमच्या भागात हळद बरीच; वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीच्या सरींत खुरपणीला बायांचे हातच लागतात, पण धुऱ्याला मजूर मिळेना, म्हणून हे यंत्र. खांद्याला पट्टा, पाठीमागे इंजिन, पुढे लांब दांडा आणि टोकाला गरगर फिरणारा नायलॉनचा दोरा. ही कल्पना ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसची, 1971ची. मोटार धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून त्यानं पत्र्याच्या डब्याला मासे धरायची तंगुसाची दोरी बांधून पाहिली होती.

भावाचं यंत्र टू-स्ट्रोक. लिटरभर पेट्रोलमध्ये वीस ते चाळीस मिलीलिटर टू-टी ऑइल मिसळायचं, प्रमाण कंपनी सांगेल तसं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर धूर आणि काजळी. पण अर्ध्या दिवसात दोन्ही धुरे स्वच्छ. भाऊ घामानं निथळत, कानात शिट्टी घेऊन, पण ऐटीत परतला. भावजय धुऱ्यावर उभी होती. म्हणाली, "दादा, कापलं खरं, पण वेचावं कोणी?" दोऱ्यानं गवताचा भुगा करून चारी दिशांना उडवला होता. त्यात माती, खडे आणि झिजलेल्या नायलॉनचे तुकडे. गोठ्यात नेण्यासारखं त्यातलं काही नव्हतं. भावानं मग दोरा काढून लोखंडी पातं लावलं. गवत आडवं पडू लागलं, पण ते गोळा करायला तीच वाकू लागली.

आता माझी पाळी होती. निवृत्तीनंतर हिंगोलीत घर बांधलं, मुलाच्या हौसेनं पुढच्या जागेत हिरवळ केली. शेतातून उपटण्यात वडिलांचा जन्म गेला त्या हराळीच्या जातभाईचे गालिचे मी रोपवाटिकेतून पैसे देऊन आणले. पावसाळ्यात ती वाढली आणि घरात दोन पक्ष पडले. मुलगा पुण्याहून सांगे, बॅटरीचं घ्या. भाऊ म्हणे, पेट्रोलशिवाय यंत्राला दम नाही.

भावाचं म्हणणं खोटं नाही. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण बारा युनिट ऊर्जा असते. तेवढ्याच वजनाच्या लिथियम बॅटरीत पाव युनिटच्या आसपास. लहान इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं, तरीही पेट्रोल कितीतरी पुढे राहतं. शिवाय त्याच्या शेतात प्लग कुठला? शेतीची वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. कॅनमधलं पेट्रोल कुणाची पाळी पाहत नाही. ओलं, दाट गवत लागलं की बॅटरी लवकर उतरते, आणि आमच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली तर तिचं आयुष्यच घटतं.

मुलाचं म्हणणंही खरं. माझी हिरवळ अंगणाएवढी. तेवढ्यासाठी घरात पेट्रोल साठवा, ऑइल मिसळा, दोरी ओढत बसा, हे कशाला? वापर कमी असला की पेट्रोल टाकीत तसंच राहतं, आणि त्यात आता इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. कार्बोरेटर चिकटतो आणि यंत्र ऐन श्रावणात रुसतं. कॅलिफोर्नियानं 2021 साली अशी नवी लहान पेट्रोल इंजिनं बंद करण्यासाठी कायदा केला. तिथल्या हवा मंडळाच्या हिशेबानं, गवत कापायचं पेट्रोल यंत्र तासभर चालवणं हे धूरधुक्याच्या दृष्टीनं मोटार सुमारे तीनशे मैल चालवण्यासारखं आहे. बॅटरीच्या यंत्राचं एक चार्जिंग पाव-अर्ध्या युनिटात होतं. आणि बॅटरी आम्हाला नवी नाही. फवारणीचा हातपंप जाऊन पाठीवर बॅटरी पंप आला, तेव्हाच गावानं तिच्यावर विश्वास टाकला.

दुकानात दोन्ही प्रकार शेजारी मांडलेले होते. दुकानदार सीसी, व्होल्ट, वॉरंटी सांगत होता. माझी नजर बॅटरीच्या यंत्रामागे लटकणाऱ्या जाळीच्या पिशवीवर गेली. कापलेलं गवत तिच्यात जमा होतं, भरली की काढून ओतायचं. मी तेच घेतलं. कारण विचाराल तर धूर नव्हे, आवाजही नव्हे, तर ती पिशवी. इतक्या वर्षांत मायच्या डाव्या हाताची जागा घ्यायला निघालेली ती पहिली वस्तू मी पाहत होतो.

आता गवत कापल्याबरोबर शेजारच्या आजींच्या शेळ्यांपुढे जातं. ताजंच द्यावं लागतं. बारीक ओलं गवत ढिगात राहिलं की लवकरच तापतं, आंबतं, आणि जनावराचं पोट बिघडवतं. कधी आजी नसल्या तर पिशवी काढून ठेवतो आणि कातरण हिरवळीवरच पडू देतो. कुजून ते तिचंच खत होतं. माझ्या अंगणापुरता प्रश्न सुटला. धुऱ्याचा सुटलेला नाही. तिथं पेट्रोलचं यंत्रच चालणार हे मी भावाशी कबूल करतो, आणि त्याच्यामागे भावजय अजून वाकून वेचते, हे तो माझ्याशी कबूल करतो.

त्याला आता नवं यंत्र घ्यायचं आहे. पेट्रोल की बॅटरी, असं त्यानं मला फोनवर विचारलं. मी सांगितलं, दुकानात जाताना बायकोला सोबत ने. ती सीसी विचारणार नाही आणि व्होल्टही विचारणार नाही. कापलेलं गवत कुठं पडतं, एवढंच विचारील. दुकानदाराला त्याचं उत्तर देता आलं नाही, तर दोघं तसेच घरी या.