जुना पार्ट आणलाय का?

मे महिन्यात एसी बंद पडला की पूर्वी घरात पहिला प्रश्न असायचा, 'ओळखीचा मेकॅनिक कोण आहे?' आता पहिला प्रश्न असतो, 'वॉरंटी संपली का?' पूर्वी आपण माणूस शोधायचो, आता बिल शोधतो. घाम दोन्ही वेळा सारखाच निघतो. पण त्या पहिल्या शोधात आमच्या पिढीची यंत्राशी ओळख झाली होती. ती ओळख आता तुटली, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या घरांत एसी उशिरा आला. सरकारदरबारी ती चैनीची वस्तू होती आणि तिच्यावरचा कर मध्यमवर्गाला झेपणारा नव्हता. त्यामुळे कित्येकांचा पहिला एसी म्हणजे कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, दीड टनाचा, खिडकीत लाकडी चौकट ठोकून बसवलेला. आत बोटांवर मोजता येतील एवढे भाग: कंप्रेसर, फॅनची मोटर, थर्मोस्टॅट, सिलेक्टर स्विच आणि कॅपॅसिटर. बिघाड आवाजावरून कळायचा. पंखा फिरतोय, पण कंप्रेसर नुसता घुं करतोय आणि थोड्या वेळाने टक् करून गप्प होतोय, म्हणजे 'कंप्रेसर उचलत नाहीये'. मेकॅनिक पुढची जाळी उतरवायचा. स्क्रूड्रायव्हर टेकवून कॅपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवायचा, तेव्हा ठिणगी उडायची. मग तो वरून फुगलेला ॲल्युमिनियमचा डबा आपल्या हातात ठेवून म्हणायचा, 'असाच घेऊन या.'

आजचा स्प्लिट एसी आवाज करत नाही, डिस्प्लेवर कोड दाखवतो. अ‍ॅपवर तक्रार नोंदवावी, ओटीपी सांगावा, की नीटनेटका मुलगा दारात बूट काढून आत येतो. मीटर लावतो आणि सांगतो, 'आउटडोअरचा पीसीबी गेलाय.' अनेकदा कारण असते पाल. त्या सर्किट बोर्डावर चढलेली पाल एकाच वेळी दोन टोकांना चिकटते आणि तिच्यासकट बोर्ड जळतो. कारण डोळ्यांसमोर दिसतं, पण आपल्याला करण्यासारखं काही उरलेलं नसतं. तो स्टिकरवरच्या मॉडेल नंबरचा फोटो काढतो, मागणी नोंदवतो आणि जातो. आपण फोनवर 'पार्ट पेंडिंग' वाचत राहतो. एसीचं वय थोडं जास्त असेल तर पुढचा निरोपही ठरलेला: 'ते मॉडेल बंद झालं, आता नवीनच घ्या.'

पूर्वी वाट बघायची नसायची, वाट चालायची असायची. मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. कॅपॅसिटर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलेला असायचा. काउंटरवर पोचलं की शेठ मान वर न करता विचारायचे, 'जुना पार्ट आणलाय का?' त्या बाजारातला हाच नमस्कार. मग पुडी उघडायची. शेठ डबा बोटांत फिरवायचे, पुसट छपाई उजेडाकडे धरायचे आणि वाचायचे: ३६ एमएफडी, ४४० व्होल्ट. मागच्या खणातून दुसरा डबा यायचा, वेगळ्याच कंपनीचा. आपण घुटमळलो की ते समजावून सांगायचे, 'कंपनी कुठलीही चालेल. व्होल्ट जास्त असले तरी चालतील. एमएफडी मात्र तोच पाहिजे.' मीटरवरचा आकडा आपल्याकडे वळवून दाखवायचे. आणि पैसे मोजता मोजता बजावायचे, 'कंप्रेसर घुं करतोय ना? मग कुणाला गॅस भरू देऊ नका.' फॅनची मोटर जळली असेल तर आणखी दोन गल्ल्या पुढे रिवाइंडिंगवाला बसायचा. जळकी तार सोडवताना फेरे मोजायचा, नव्या तारेचे तेवढेच फेरे घालायचा, वार्निश पाजून मोटर वाळत ठेवायचा. काम चालू असताना आपण शेजारी उभे राहू शकत होतो. एवढं बघूनच आमच्यातले कितीतरी जण शहाणे झाले.

पण हे सगळं छान होतं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. त्याच काउंटरवर डुप्लिकेट मालही विकला जायचा आणि तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकायचा नाही. भाव गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरायचा. घरातली बाई पार्ट घ्यायला गेली तर तिला पार्ट मिळायचा, समजावणी मिळायची नाही. 'साहेबांना पाठवा,' एवढंच ऐकावं लागायचं. चंद्रपूरच्या उन्हात होरपळणाऱ्या माणसाला तर लॅमिंग्टन रोडचा काहीच उपयोग नव्हता. आणि गॅसचं काय? साबणाचा फेस लावून गळती शोधावी, ब्रेझिंग करून ती बुजवावी, मग गॅस भरावा, ही खरी रीत. बहुतेक ठिकाणी गळती तशीच ठेवून दर उन्हाळ्यात गॅस भरला जायचा. कंप्रेसर बदलताना उरलेला, ओझोनला मारक असा आर-२२ गॅस सरळ हवेत सोडून दिला जायचा. ओझोनचा थर वाचवण्यासाठीचा माँट्रियल करार १९८७ सालीच झाला होता, पण आमच्या गच्चीवर तो सुस्कारा ऐकताना कुणाच्याही मनाला काही टोचलं नाही.

आज यातलं बरंच सुधारलं आहे. नवा आर-३२ गॅस ओझोनला धक्का लावत नाही. तो पेट घेऊ शकतो, म्हणून त्याच्याजवळ अर्धवट शिकलेल्या माणसाने ज्योत नेऊ नये, हेही बरोबरच आहे. इन्व्हर्टर एसी तेवढ्याच गारव्यासाठी कमी वीज घेतो. २०१० पासून एसीवर स्टार लेबल सक्तीचं झालं, त्यामुळे घेतानाच अंदाज येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे चैनीचा शिक्का हळूहळू पुसला जातोय. चंद्रपूरची गृहिणी आज तोच ३६ एमएफडीचा कॅपॅसिटर फोनवरून मागवते, छापलेल्या किमतीला, आणि तिला कुणी साहेबांना पाठवायला सांगत नाही. हे आमच्या काळात व्हायला हवं होतं.

मग आम्ही हळहळतो ते नक्की कशासाठी? त्या काउंटरवर वेगळ्या कंपनीचा डबा पुढे यायचा आणि चालायचा, त्यासाठी. एका कंपनीच्या एसीला दुसऱ्या कंपनीचा भाग बसायचा, कारण आकडे सगळ्यांचे एकच होते आणि ते डब्यावर छापलेले होते. म्हणून शेठला सांगता यायचं, आपल्याला समजायचं, आणि कंपनी बंद पडली तरी एसी चालायचा. आजचा पीसीबी त्याच मॉडेलला बसतो. त्यातला प्रोग्राम कंपनीकडे असतो, नकाशाही कंपनीकडेच. गल्लीबोळांत आजही असे बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर आहेत. ते नकाशाशिवाय, भिंगाखाली एकेक पार्ट तपासून जळका रिले किंवा मॉड्यूल बदलून देतात. त्यांचा हात शेठइतकाच जाणता आहे. त्यांच्यापासून माहिती मात्र दडवलेली आहे. पूर्वीचा बिघाड आपल्याला कळत होता आणि आपल्या आवाक्यात होता. आजचा बिघाड कळूनही आपल्या आवाक्याबाहेर ठेवला जातो.

म्हणून आम्हाला ते दिवस परत नकोत. त्या दिवसांतला तो मोकळेपणा हवा आहे. आणि तो मागण्यात काही भाबडेपणा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केलं, आणि घरगुती उपकरणं त्यात धरली. सुरुवात चांगली आहे. आता ती खोक्यावर दिसली पाहिजे. वीज किती खाणार हे छापणं सक्तीचं करता आलं, तर सुटे भाग किती वर्षं मिळतील, बोर्डाचा नकाशा कारागिराला कुठे मिळेल आणि दुसऱ्या कुणाचा पार्ट बसवला तर वॉरंटी राहील का, हेही त्या लेबलाशेजारी छापता येईल. आमच्या नातवंडांनी भर उन्हात तपकीर गल्ली पालथी घालू नये. पण घरातला एसी कुणाकडून आणि कसा दुरुस्त करून घ्यायचा, हे ठरवायचा हक्क त्यांच्याकडे असलाच पाहिजे.