हीप जागेवर, तरी मेमरी वाढतेच

बिलांच्या पीडीएफ तयार करणारी आमची जावा सर्व्हिस काही दिवस नीट चालायची आणि मग अचानक बंद पडायची. लॉगमध्ये आउट ऑफ मेमरीचा उल्लेख नाही, हीप डंप नाही. फक्त एक्झिट कोड 137. म्हणजे 128 अधिक सिग्नल 9. जावाची तक्रार नव्हतीच, मेमरीची लिमिट ओलांडली म्हणून लिनक्सच्या कर्नलने प्रोसेस थेट मारली होती.

“रोज रात्री रीस्टार्ट लावून टाकू,” असा टीममधला सूर. मला ते मुळीच पटेना. महिनाअखेरीला रात्रभर बिलं निघतात. तेव्हा रीस्टार्ट म्हणजे कुणाचं तरी बिल अर्धवट राहणार.

हीप तपासला. दर गार्बेज कलेक्शननंतर तो पुन्हा त्याच पातळीवर उतरत होता. मग नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग चालू केलं, बेसलाइन घेतली, दुसऱ्या दिवशी फरक काढला. जेव्हीएमच्या हिशेबात वाढ जवळपास नाही; कर्नलच्या हिशेबात मात्र तीच प्रोसेस फुगत चाललेली. मधली मेमरी जेव्हीएमच्या नजरेबाहेर होती.

प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा दाखवणाऱ्या पीमॅपने ती दाखवली: 64 एमबीचे तुकडे, रांगेने. हे जीलिबसीच्या मॅलॉकचे अरीना. थ्रेड्सनी एकाच कुलपासाठी अडून राहू नये म्हणून मॅलॉक त्यांना वेगवेगळे अरीना देतो. 64 बिट मशीनवर कोअरच्या आठपट. आमच्या कंटेनरला दोनच कोअरचा कोटा होता, पण मॅलॉकने मोजले मशीनचे 32. म्हणजे मर्यादा 256 अरीनांची! प्रत्येक पीडीएफ कॉम्प्रेस करताना झेडलिब मेमरी घ्यायची, परतही करायची. पण दोन वापरातल्या तुकड्यांमध्ये अडकलेली मोकळी जागा अरीनातच पडून राहायची. लीक शोधत बसलो असतो तर सापडला नसता, कारण कोडमध्ये तो नव्हताच.

मॅलॉक_अरीना_मॅक्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 2 वर ठेवला. अरीना कमी म्हणजे थ्रेड्सची कुलपासाठी ओढाताण वाढणार, ही खरी भीती. म्हणून महिनाअखेरीइतका लोड टाकून आधी चाचणी घेतली. पीडीएफचा वेग घटला नाही. मेमरी थोडी चढली आणि लिमिटच्या बरीच खाली थांबली. रात्रीच्या रीस्टार्टचा प्रस्ताव त्याच दिवशी मागे घेतला गेला, आणि पीमॅपचा आउटपुट मी टीमच्या विकीवर टाकला.