अढळपद

आजोबांच्या मांडीइतके निर्भय स्थान मुलास त्रिभुवनात नाही, अशी आमची परवापरवापर्यंत दृढ श्रद्धा होती. पित्याच्या मांडीवर जागा मिळाली नाही म्हणून ध्रुवबाळ रानात निघून गेला, ही कथा ज्या देशात घरोघर सांगतात, त्या देशात मांडीच्या योग्यतेविषयी शंका घ्यावी तरी कोणी? ती आमच्या कन्येने घेतली. आपल्या अकरा महिन्यांच्या मुलीकरिता तिने पट्ट्यापट्ट्यांची एक खुर्ची आणून मोटारीच्या मागच्या आसनावर उलट्या तोंडाने जखडून टाकली. "अगं, हे बाळ आहे की बंदिवान?" असे आम्ही विचारूनही घेतले.

पुण्याहून साताऱ्यास जाताना शिरवळच्या अलीकडे नात रडू लागली. पुढे बसलेल्या कन्येचा डोळा लागला आहे, असे पाहून आम्ही पट्टे सोडले व नातीला मांडीवर घेतले. रडे थांबले, आमचा विजय झाला. तो जेमतेम पाच मिनिटे टिकला. एक शेळी आडवी आली, जावईबापूंनी करकचून ब्रेक दाबला, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलेले ते मूल साबणाच्या वडीसारखे निसटून पुढच्या आसनाच्या पाठीवर आदळले. कपाळावर टेंगूळ आले, एवढ्यावरच निभावले. कन्या एवढेच म्हणाली, "बाबा, तुमचे हात सैल नव्हते. हात पुरतच नाहीत."

त्या रात्री आम्ही गणित मांडले. ताशी 50 किलोमीटर वेगाची मोटार आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर 10 किलोचे मूल धरून ठेवण्यास सुमारे 200 किलोचा भार पेलावा लागतो. आमची माया कितीही अगाध असली, तरी आमच्या मनगटांस क्विंटलाची दोन पोती पेलवणार नाहीत.

खुर्चीचे तोंड उलटे का, तेही तेव्हा उमगले. तान्ह्या मुलाचे डोके देहाच्या मानाने मोठे आणि मान कोवळी. पुढे हिसका बसला की सारा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या खुर्चीत तो सबंध पाठीवर वाटला जातो. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी 1960 नंतरच्या दशकात या कल्पनेस मूर्त रूप दिले. मात्र अशी खुर्ची चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. फुगणाऱ्या पिशवीचा आघात थेट तिच्यावरच होतो.

आमच्या सरकारनेही 2019 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याविना मोटारीतून नेल्यास 1000 रुपये दंड ठरविला. 2022 मध्ये दुचाकीवरील चार वर्षांखालील मुलांकरिता पट्टा, शिरस्त्राण आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा यांचा नियम केला. परंतु कायदा पोलिसाला पाहून पाळणारे आमच्यासारखे पुष्कळ. आम्हांस तो त्या टेंगळाने शिकविला.

परतताना नात पुन्हा रडली. आमचा हात सवयीने पट्ट्याकडे गेला. तो आम्ही मागे घेतला आणि तिची चिमुकली मूठ धरून बसलो. खंबाटकीचा बोगदा येईतो ती झोपी गेली. आमची मांडी रिकामीच होती, आणि ते रितेपण थोडे सललेही. पण ध्रुवाने तरी मांडीच मागितली होती. देवाने त्यास दिले ते अढळपद. मांडीचे काय, ती घरी पोहोचल्यावर आहेच.