हात गुंतलेले असताना

पौषातलं ऊन आमच्या घरात उशिरा येतं. सकाळभर ते समोरच्या इमारतीच्या गच्चीवर रेंगाळतं, दुपारी आमच्या गॅलरीचा कठडा चढतं, आणि साडेतीन-चारच्या सुमाराला, जेवणाची भांडी घासून पालथी झालेली, बाबांची वामकुक्षी आटपलेली, चहाचं आधण मात्र अजून चढायचं आहे, अशा दोन कामांमधल्या मोकळ्या फटीत ते बाहेरच्या खोलीत तिरपं पसरतं, फरशीवरून सरकत सरकत दिवाणाच्या पायाशी पोचतं, आणि त्या पितळी उजेडात कोणीतरी कालचा पेपर उलगडून अंथरतं, त्यावर पिशवी उपडी करतं.

मटार.

पुण्यात मटार दोनदा येतो. पावसाळ्यात सासवडचा, पुरंदरच्या बाजूचा, चणीनं लहान पण चवीला गोड. आणि थंडीत मध्य प्रदेशातून जबलपूरकडचा, लांब, भरलेल्या शेंगांचा. हा दुसरा आला की मंडईत हिरवे डोंगर उभे राहतात, भाव उतरतो, आणि एरवी पावशेर घेणारी माणसं दोन-दोन किलो घेऊन घरी येतात. पिशवीत हात घातला की आत गारवा असतो, शेतातली पहाट अजून तिथं शिल्लक असल्यासारखा. शेंगा एकमेकींवर घासतात तेव्हा बारीक करकरतात. आणि वास? त्याला नाव नाही. ओल्या गवताचा म्हणावा तर त्यात दूध आहे, दुधाचा म्हणावा तर त्यात माती आहे.

मग सगळे येऊन बसतात. बोलवावं लागत नाही. आई दिवाणाला टेकून, बाबा खुर्ची सोडून खाली, गुडघ्याची तक्रार करत करत मांडी घालून. लेक आतून मोबाइल घेऊन येते आणि थोड्या वेळानं तो पालथा ठेवते, कारण या कामाला दोन्ही हात लागतात. टच्. टच्. शेंग उघडते, आत दाणे दाटीवाटीनं बसलेले, मधले टपोरे, कडेला लहान होत गेलेले, अगदी टोकाचा तर मोहरीएवढा, ज्याला वाढायला जागाच मिळाली नाही असा. तो टोकाचा दाणा पातेल्यात जात नाही. तो तोंडात जातो. मागोमाग दुसराही जातो, आणि आई पातेलं स्वतःकडे ओढत म्हणते, ‘अगं, तळ तरी झाकू दे!’ मध्येच एखाद्या शेंगेत हिरवी अळी निघते, लेक किंचाळते, बाबा ती शेंग हळूच उचलून गॅलरीतल्या तुळशीआड ठेवून येतात.

मला घर सापडतं ते अशा वेळी. समारंभात सापडत नाही. तिथं सगळे नीट कपडे करून, नीट हसून उभे असतात. इथं बाबांच्या बनियनला भोक असतं, आईचे केस वेणीतून सुटलेले असतात, पेपरवरच्या जुन्या बातम्या टरफलांखाली एकेक करून बुजत जातात, आणि कोणीही कोणाकडे पाहत नसतं.

आमच्या घरात समोर बसवून मनातलं सांगायची रीत नाही. आजोबा तसे नव्हते, बाबा नाहीत, मीही नाही. डोळ्याला डोळा भिडला की आमचे शब्द माघारी वळतात. पण हात कामात गुंतले, नजर खाली गेली, बोटांना एक लय लागली, की आत खोल अडकलेलं काहीतरी त्या लयीच्या आधारानं हलकेच वर येतं. नोकरीसाठी मी बंगळूरला निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा घेवड्याच्या शिरा काढत बसले होते. मीही एक मूठ पुढ्यात ओढली. बराच वेळ फक्त शेंगा मोडल्याचा आवाज. मग हातातल्या घेवड्याकडे पाहत ते म्हणाले, ‘सकाळचा पहिला चहा आता एकट्यानं प्यायचा. सवय करावी लागेल.’ आणि लगेच, ‘ही शेंग जून आहे बघ, टाकून दे.’

एवढंच. त्या शहरातल्या कितीतरी सकाळी मी त्या वाक्याच्या उबेत काढल्या.

आता लेक गप्प राहण्याच्या वयात आहे. ‘काय झालं?’ विचारलं तर ‘काही नाही.’ ‘शाळेत कसं गेलं?’ ‘ठीक.’ तिच्या खोलीचं दार लोटलेलं, कानात गाणी. गेल्या रविवारी मात्र मटार सोलता सोलता, कोणी काही विचारलेलं नसताना, ती पातेल्याला सांगावं तसं म्हणाली, ‘ती माझ्याशी बोलत नाहीये. डबा दुसरीकडे खाते.’ आईचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. बाबांनी एक शेंग उघडली, चांगली भरलेली, आणि ती तशीच, उघडी, नातीच्या पुढ्यात ठेवली. कोणी सल्ला दिला नाही. ती पुढं बोलत राहिली. तिला तेवढं पुरलं.

मटाराशी बसलं की मला एक माणूस आठवतो, ज्याला स्वतःचा संसार नव्हता. ब्रनो शहरातल्या मठातला साधू, ग्रेगोर मेंडेल. 1856 ते 1863 या काळात मठाच्या बागेत त्यानं वाटाण्याच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढवल्या, एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर स्वतःच्या हातानं ठेवले, वाळलेल्या शेंगा सोलल्या आणि दाणे मोजले. गोल 5474. सुरकुतलेले 1850. एका पिढीत सुरकुती पार नाहीशी होते आणि नातवंडांत पुन्हा उगवते, चार दाण्यांमागे साधारण एक, हे त्याला त्या ढिगांनी सांगितलं. 1866 साली त्याचा निबंध छापून आला आणि जवळजवळ तसाच पडून राहिला. जगानं तो खऱ्या अर्थानं वाचला 1900 मध्ये, तेव्हा त्याला जाऊन सोळा वर्षं झाली होती. मला त्याची ती दुपार पाहावीशी वाटते. ऊन, मेज, दाण्यांचे ढीग, आणि कोणाचाही बाप नसलेला एक माणूस, आजी नातवाच्या चेहऱ्यात कशी परतते हे मोजत बसलेला.

पण त्याच्या ढिगांत न मावणारंही काही असतं. लेक शेंग देठाकडून उघडत नाही. उलटी धरते, टोकाकडच्या शिवणीवर अंगठा दाबते, आणि मग तोच अंगठा आतून एका ओढीत असा फिरवते की सगळे दाणे एकदम पातेल्यात घरंगळतात. ही माझ्या आजीची पद्धत. माजघरात, खिडकीखाली, नऊवारीचा ओचा सावरून बसलेली आजी अशीच सोलायची. तिच्या अंगठ्याचं नख थंडीभर हिरवं असायचं. लेकीनं तिला पाहिलेलं नाही. ती गेली तेव्हा ही जन्मालाही आली नव्हती. आजीचा अंगठा बाबांनी उचलला, बाबांचा मी, माझा हिनं. कोणी कोणाला शिकवलं नाही, नुसतं एकमेकांशेजारी बसून, नजर खाली ठेवून, तो एका हातातून दुसऱ्या हातात आला. रक्तातून आला असता तर मला एवढं भरून आलं नसतं. रक्त आपोआप वाहतं. यासाठी बसावं लागतं.

कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे सोललेले मटार मिळतात, पिशवीत बांधलेले, स्वच्छ, ओले. दिवसभर राबून सात वाजता घरी पोचणाऱ्या बाईसाठी ते वरदान आहे, आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत मीही आणते. रविवारी नाही. रविवारी मला टरफलं हवी असतात.

परवा ढीग निम्म्यावर आला होता. उसळ की करंज्या हा वाद रंगला होता, बाबा उसळीच्या बाजूनं आणि लेक करंज्यांच्या, तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. हातात रिकामी वाटी. ‘बसत नाही हं, दूध कोमट करून ठेवलंय,’ म्हणत त्या दारात उभ्या राहिल्या, मग आत आल्या, मग वाटी बाजूला ठेवून पेपराच्या कडेशी टेकल्या आणि त्यांचा हात आपसूक शेंगांकडे गेला. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. लेक करंज्यांसाठी भांडत होती, बाबा हसत होते, ऊन दिवाणावर चढलं होतं. काकूंनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली.

‘यंदाही जमत नाही म्हणतोय,’ त्या हातातल्या शेंगेकडे पाहत म्हणाल्या.

आईनं आपल्या पुढ्यातला अर्धा ढीग त्यांच्याकडे सरकवला.